देवबाचं उष्टं पाणी

फार पूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, एका गावात एक देवाचा बैल होता. देवाचा म्हणजे महादेवाच्या नावानं सोडलेला. त्याला ना नांगर, ना गाडी, ना वेसण. नाव देवबा. देवळाचा गुरव यमाजी यानं त्याला वासरू होता तेव्हापासून वाढवलं होतं. यमाजीला बायको नव्हती, मूल नव्हतं. जे काही होतं ते देवबा.

गावाची एक रीत होती. दर सोमवारी देवबा देवळापुढच्या दगडी डोणीत पाणी प्यायचा, आणि मग गावातली गुरं ओळीनं येऊन त्याचं उष्टं पाणी प्यायची. त्या पाण्यानं गुरांना रोग होत नाही, असं सगळे मानत.

एका हिवाळ्यात देवबा खोकायला लागला. पाठोपाठ गावातल्या गायी खोकायला लागल्या, वाळायला लागल्या. दोन तर मेल्या. मग गावानं काय केलं असेल? सोमवारी पाणी पाजत होते, ते रोज पाजायला लागले! हसू नका. घाबरलं की आपणही ठाऊक असलेलंच काहीतरी दुप्पट जोरानं करत बसतो.

बातमी राजापर्यंत गेली. राजाचा कायदा साधा होता: क्षय झालेलं जनावर मारायचं आणि खोल पुरायचं. तो हुकूम घेऊन राजाची गुरांची वैदीण गावात आली. बरोबर चार शिपाई होते.

देवळाच्या पायरीवर पाटील ताम्रपट घेऊन उभाच होता. "वाचा हे! राजाच्या आजोबांनीच लिहून दिलंय. देवाच्या दारात राजा हात घालणार नाही. देवबा देवाचा आहे. त्याला मारायचं तर आधी आम्हाला तुडवून जावं लागेल."

यमाजी देवबाच्या गळ्यात हात टाकून उभा होता. 

वैदीणबाईनं ताम्रपट शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "खरा आहे," ती म्हणाली. "माझ्याकडचा हुकूमही खराच आहे. मोठी पंचाईत झाली! मला एक दिवस द्या. तुमची ही रीत कशी चालते ते बघायचंय."

आता याला कोण नाही म्हणणार? बाई डोणीजवळ बसली आणि विचारत सुटली. आधी कोण पितं? शेवटी कोण? बैलाची लाळ पाण्यात पडते का? डोणी कधी घासता? शिपाई कंटाळून पेंगायला लागले, पण हिचे प्रश्न काही संपेनात.

"बरं, इथं न येणारं कुणी आहे का?"

"आहे ना!" पाटील उसळला. "ओढ्यापलीकडची गोदू कोष्टीण. बोलावलं तर म्हणते, मी गुरं घेऊन देवळात आले तर माझा माग काय तुमचा बाप चालवणार? तिच्यामुळंच हा कोप झालाय."

"मग तिची सगळी गुरं मेली असतील."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. हे जाऊन बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मी येतो बाई तुमच्याबरोबर," यमाजी म्हणाला. देवबा निर्दोष ठरेल अशी त्याची खात्री होती. त्यानं वाटीत चुना घेतला. ज्या गोठ्यात गुरं खोकत होती, त्याच्या दारावर तो बोट ओढत गेला. देवळाशेजारच्या आळीत एकही दार कोरं राहिलं नाही. ही सगळी रोज न चुकता येणारी माणसं. लांबच्या आळीत, कधीमधी येणाऱ्यांची तीनच दारं पांढरी झाली. ओढ्यापलीकडे गोदूच्या तीन गायी मजेत रवंथ करत होत्या.

"काय बघताय?" गोदू मागावरून ओरडली. "नजर लावू नका!"

यमाजी चुन्याची वाटी खाली ठेवून तिथंच बसला. "बाई," तो म्हणाला, "म्हणजे मीच पाजलं की हो सगळ्यांना."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण आता ठाऊक झालंय. आज गुरं खोकतायत. उद्या त्यांचं दूध पिणारी पोरं खोकतील."

यमाजीनं मातीत बोटं फिरवली. मग विचारलं, "पण मारायचंच का? रोग लांब ठेवायचा तर बैल लांब ठेवला म्हणजे झालं."

"प्रत्येक गाव तसंच म्हणतं, गुरवबुवा. आणि मग कुणीतरी चोरून जातं, हात लावतं, उष्टं आणतं. म्हणून कायदा एवढा कडक झाला."

"आणि एखाद्या गावानं पाळलंच तर?"

 हा प्रश्न बाईला आजवर कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी यमाजीनं पहार आणली आणि सगळ्यांदेखत डोणी फोडली. गाव खवळलं. "गुरवच धर्म बुडवायला निघाला!" पाटील ओरडला. "अरे, ताम्रपट आहे आपल्याकडे!"

"आहे ना, पाटील. देवाच्या दारात राजानं हात घालायचा नाही असं लिहिलंय त्यात. देवाच्या दारातून रोग तुमच्या गोठ्यात न्यावा, असं कुठं लिहिलंय? मला दाखवा." बोलता बोलता यमाजी रडायला लागला. "मला काय हौस आहे होय? पण तो जगायचा असेल तर असाच जगेल."

पाटलानं ताम्रपट काखेत मारला आणि तो बाजूला झाला. वैदीणबाईनं आपल्या जबाबदारीवर हुकूम थांबवला आणि राजाला तसं पत्र लिहिलं. ठरलं ते असं: देवबा आणि खोकणारी गुरं माळावर कुंपणात राहतील. आत फक्त यमाजी जाईल, आणि तो दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकणार नाही. नमस्कार कुंपणाबाहेरून. दूध कुणीही कच्चं प्यायचं नाही. एकानं जरी मोडलं, तरी हुकूम लागू.

यमाजीनं स्वतःसाठी माळावरच खोपट घातलं.

चार महिने बरे गेले. मग एका दुपारी पाटील गवताची पेंढी घेऊन कुंपणाशी आला. त्याची गाय गाभण होती आणि तिचे दिवस भरले होते.

"यमाजी, ही नुसती त्याच्या तोंडाला लाव आणि परत दे. आमच्या घरात सात पिढ्या देवाच्या बैलाच्या उष्ट्याशिवाय गाय व्यालेली नाही. कुणाला कळणारेय?"

"कुणालाच नाही," यमाजी म्हणाला. "पण बाईंनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पाटील. मग शिपाई येतील आणि याला मारतील. आता तुम्हीच सांगा. लावू?"

 देवबा आतून पाटलाकडे बघत होता. शेवटी पाटलानं पेंढी कुंपणावरून आत टाकली, हात जोडले आणि रिकाम्या हातानं घरी गेला. तिसऱ्या दिवशी गाय व्याली. गोऱ्हा झाला, धडधाकट.

पुढच्या हिवाळ्यात देवबा गेला. कुणी मारला नाही. आपल्या वेळेला, आपल्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. सगळं गाव माळावर लोटलं. बायका रडत होत्या. पाटील तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. पण कुंपण कुणी ओलांडलं नाही. यमाजीनं एकट्यानं आठ हात खड्डा खणला आणि चुना टाकून त्याला माती दिली.

वैदीणबाई पाहणीला आली तेव्हा गावात एकही गाय खोकत नव्हती. तिनं यमाजीला विचारलं, "खरं सांगा, कुणी हात लावला होता?"

"मी लावला, बाई," यमाजी म्हणाला. "रोज. सगळ्यांच्या वाटचा."

तर मला सापडलेलं तात्पर्य: श्रद्धा आपली असेल तर तिच्यासाठी सोसायचंही आपणच, शेजाऱ्याच्या गोठ्यानं नाही. आणि हुकूम घेऊन येणाऱ्यानंही आधी एक दिवस बसून बघावं.