पेटीत काय होतं?

घंटा होऊन गेली, तरी पाठशाळेत हजर दोघंच. नारोपंत पंतोजी आणि त्यांचं मांजर! आणि नेमके त्याच दिवशी राजे चंडसेन पाहणीला आले.

"पोरं कुठं आहेत?" राजे गरजले.

"येतील, महाराज... येतातच," पंतोजी चाचरले. छड्या मारून बिचारे दमले होते. उशीर झाला की मार ठरलेलाच, मग आणखी थोडं खेळूनच जाऊ, असा पोरांचा हिशेब!

राजे महाहट्टी. "आठ दिवसांत एकूण एक पोर घंटेआधी इथं दिसलं पाहिजे! छडी नको, खाऊ नको, शिपाई नको! नाही जमलं, तर पंतोजी, बिऱ्हाड उचला आणि राज्याबाहेर चालते व्हा!"

तेवढ्यात चिंच चोखत येसू आली. कोष्ट्याची ही पोर म्हणजे उशिरा येणाऱ्यांची म्होरकी. पण पंतोजींवर तिचा भारी जीव. राजांचा हुकूम दारातच कानावर पडला आणि तिला चिंच गोड लागेना.

"मी आणते सगळ्यांना, महाराज!"

"तू? सगळ्यांच्या मागून येणारी?"

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!"

राजे गेल्यावर ती पंतोजींना म्हणाली, "आल्या आल्या पाढे! त्यासाठी कोण धावत येईल? उद्यापासून घंटेआधी गोष्ट सांगा. घंटा झाली की ऐन रंगात थांबा. पाया पडलो तरी पुढचं सांगायचं नाही!"

पहिल्या दिवशी ऐकायला येसू आणि मांजर. दुपारी नदीवर येसूने पोरांना निम्मी गोष्ट सांगितली आणि "पुढचं उद्या, घंटेआधी!" म्हणून वाकुल्या दाखवल्या. मग काय! दोन-चार दिवसांत जागा धरण्यावरून भांडणं सुरू झाली.

आठव्या दिवशी राजे सावकाश विडा चघळत आले. पाठशाळा गच्च भरलेली, पण त्यांच्याकडे बघतंय कोण! पंतोजी सांगत होते, "राक्षस घोरू लागला. राजकन्येने हळूच पेटीचं झाकण उचललं, आत पाहते तर..."

ठण्ण!

"बे एके बे!" पंतोजी म्हणाले.

"अहो, पेटीत काय होतं?" राजांनी विचारलं.

"घंटा झाली, महाराज."

"मी राजा आहे!"

"मग उद्या घंटेआधी या, महाराज!" येसू म्हणाली. पोरं खुदखुदली.

राजे लालबुंद झाले. "गोष्ट म्हणजे खाऊच की! अट मोडलीत तुम्ही! उद्या निकाल लावतो!"

पंतोजींनी घरी जाऊन मुकाट्याने भांडी बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी येसू झुंजुमुंजू होतानाच पाठशाळेत पोचली. पाहते तर पहिल्या ओळीत, पागोटं वाकडं, राजे स्वतः!

"महाराज, कुणी छडी दाखवली का तुम्हाला?"

"कुणाची छाती आहे!"

"शिपाई धरून आणायला आला होता?"

"छे!"

"मग काही खाऊन तरी आलात?"

"खाऊन? अगं, न्याहारीसुद्धा टाकून पळत आलो!"

"मग गोष्ट म्हणजे खाऊ कसा, महाराज? तो तर उपास झाला!"

राजे असे खदाखदा हसले की पागोटं पार मांडीवर आलं. पंतोजी येताच त्यांनी त्यांना शाल पांघरली, जन्मभराची नेमणूक दिली. गळ्यातली मोत्यांची माळ काढून येसूच्या गळ्यात घातली.

"आणखी काय हवं ते माग, पोरी!"

"जरा सरकून बसा, महाराज," येसू म्हणाली. "ही जागा माझी आहे!"