झोपून पाहिलेली गाडी

एकदा एक वृद्ध चालक आपल्या शिष्याबरोबर हमरस्त्यालगतच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला. शिष्याने बारा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. आता त्याला स्वतःची गाडी घेऊन तातडीचा माल पोहोचवण्याचा धंदा सुरू करायचा होता. कुठे कारखान्याचे यंत्र बंद पडावे, कुठे एखादा सुटा भाग तातडीने हवा असावा, फोन यावा आणि आपण त्याच क्षणी निघावे, असा तो धंदा. वृद्धाला सारे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कुत्रेसुद्धा आले नाही, असे लोक कौतुकाने सांगत. तो विषय निघाला की उस्ताद उठून जाई.

शिष्याचे मन बाजारातल्या एका टेम्पोवर आधीच जडले होते. "घाटात हिच्या मागे राहणाऱ्याला नुसता धुरळा दिसतो, गाडी दिसत नाही," व्यापारी म्हणाला.

उस्तादाने इंजिन पाहिले नाही, टायरही पाहिले नाहीत. चपला काढून तो केबिनमध्ये चढला आणि सीटवर आडवा झाला. त्याचे पाय दाराबाहेर आले. तो खाली उतरला. "ही नको."

दुसऱ्या गाडीत गिअरचा दांडा बरगडीत रुतला. तीही नको. तिसऱ्या गाडीचा रंग उडाला होता, पळायलाही ती बेताचीच. पण सीटमागे माणूस मावेल एवढी फळी होती. उस्ताद त्या फळीवर निजला आणि त्याला खरोखरच झोप लागली.

तासभर झाला. शिष्य उन्हात ओशाळून उभा होता. व्यापारी हसून म्हणाला, "दादा, तुम्ही गाडी घ्यायला आलात की खाट?"

उस्ताद जागा झाला तेव्हा शिष्याचा संयम संपला होता. "उस्ताद, ही घाटात रांगेल. मला माल पोहोचवायचा आहे. झोपा काढायच्या नाहीत."

वृद्ध पायरीवर बसला. बराच वेळ त्याने चपला घातल्या नाहीत.

"माझा धाकटा भाऊ होता, भागवत. तुला कधी सांगितले नाही. त्यानेही हाच धंदा धरला, तेव्हा त्याची गाडी मी निवडली. बाजारातली सगळ्यांत पळणारी. सातव्या महिन्यात तो एका कारखान्याचा पंप घेऊन निघाला. दोन दिवसांचा जागा होता. थांबावे तर पाठ टेकायला जागा नाही, म्हणून थांबला नाही. डोळा लागला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. मी पोहोचलो तेव्हा पंप दुसऱ्या गाडीत चढवून झाला होता. पंपाला ओरखडाही नव्हता. भागवत तिथेच चादरीखाली होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो मी घेतला. पलीकडून विचारले, किती उशीर होईल? मी म्हटले, चार तास. ते म्हणाले, चार तास फार होतात. त्यांचा दोष नाही. त्यांना ठाऊक नव्हते, आणि मी सांगितले नाही."

व्यापारी खाली पाहत होता. उस्ताद पुढे म्हणाला, "पोहोचशील कधी, हे तुला सगळे विचारतील. थांबशील कुठे, हे कोणी विचारणार नाही. ते गाडी घेतानाच विचारायचे असते. मी विचारले नाही."

शिष्याने तिसरी गाडी घेतली. आनंदाने घेतली असे म्हणता येणार नाही. पहिल्या दोन्ही फेऱ्या त्याच्यापेक्षा लवकर पोहोचू म्हणणाऱ्यांकडे गेल्या. तिसरी मिळाली, लांब पल्ल्याची. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता डोळ्यांपुढे पुसट होऊ लागला, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. नेमका तेव्हाच फोन आला.

"कुठे आहात?"

"थांबलो आहे. दोन तास झोपेन आणि निघेन."

"झोपेन? इथे काम बंद पडले आहे. असे असेल तर पुन्हा बोलावणार नाही."

"बरे," तो म्हणाला.

फळीवर पडल्यावर त्याला लगेच झोप आली नाही. शेजारून एकेक गाडी भरधाव जाई आणि त्या वाऱ्याने त्याची गाडी हलकेच डुले. ही आता गेलेली गाडी चालवणारा शेवटचा कधी झोपला असेल, असे प्रत्येक वेळी त्याच्या मनात येई. पुढे कधीतरी त्याचा डोळा लागला.

त्या गिऱ्हाईकाने खरोखरच त्याला पुन्हा बोलावले नाही. परतल्यावर त्याने खिन्न मनाने सारे उस्तादाच्या कानावर घातले. उस्तादाने गिऱ्हाईकाची चौकशी केली नाही.

"तू नीट आलास ना?" एवढेच त्याने विचारले.

शिष्याने मान हलवली. बारा वर्षांत हे आपल्याला कोणी विचारले नव्हते, असे त्याच्या ध्यानात आले. आणि म्हाताऱ्याला हे दुसऱ्या कुणाला विचारायचे राहून गेले होते, तेही.