चुलीवरून आधी कोणी उतरायचं

"आधी हा हंडा उतरू दे, मग मी!" तवा ओरडला. "गवताचं अख्खं छप्पर यानं काळं केलं. मी तर परवा बाजारातून आलो."

"आल्यापासून लाकडं माझ्या दुप्पट खातोस की, मेल्या!" हंडा गरजला.

त्या काळी भांड्यांना तोंडं होती; अक्कल मात्र आजच्या माणसांइतकीच. घरमालक परगावी गेलेला, तरी ही दोघं स्वतःच लाकडं ओढून चूल पेटती ठेवत. बरोबर वर शिंक्यात, केळीच्या पानावर लोणीबाई बसलेली. ती कडेनं वितळू लागली.

"अरे, मी संपत आले!"

लगेच सभा भरली. अध्यक्ष लाकडी पाट, कारण तो चुलीवर कधी चढत नसे. पहिला ठराव झाला, की उकाड्याला यापुढे ऊब म्हणावं. दुसरा, की दोघांनी पुढच्या दिवाळीनंतर केव्हातरी उतरण्याचा विचार करावा. झारा म्हणाला, "लोणीबाईंना आणखी वर टांगू, तिथं हवा खेळती असते." ताटांनी टाळ्या पिटल्या.

"वर तर सगळा धूर कोंडलाय, शहाण्यांनो!"

"बाई, तुम्ही उगाच तापताय," हंडा म्हणाला.

तेवढ्यात तव्यानं आणखी एक ओंडका आत ओढला. लोणीबाई घसरत पानाच्या टोकाशी आली, तिनं खालचा जाळ पाहिला आणि म्हणाली, "मी इथून पडले की थेट चुलीतच पडणार आहे, तेव्हा आधी कोणी उतरायचं ते मग पेटलेल्या छपरालाच विचारा."