टॉप गिअरचा हुकूम

सोमवारी सकाळी बरोबर आठ वाजून सतरा मिनिटांनी सोनखांबच्या राजेसाहेबांची जुनी मोटर देवीच्या चढावर वाजायला लागली. ठक् ठक् ठक्! जणू इंजिनात बसून कुणी खलबत्ता कुटतंय.

राजेसाहेबांनी ड्रायव्हर कोंडीरामला सुनावलं, "उद्या सकाळपर्यंत आवाज बंद! पण आमच्या वडिलांच्या मोटरला पाना लावायचा नाही, बॉनेट उघडायचं नाही. जमलं नाही तर नोकरीही गेली आणि राहती खोलीही!"

कोंडीराम घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची बायको हौसा सहा महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली.

"सपाटीला वाजते का हो?"

"नाही."

"उताराला?"

"नाही गं. चढालाच. आजच हुकूम झालाय, चढावरही टॉप गिअरच ठेवायचा. लहान गिअरमध्ये मोटर रांगते, लोक बघतात म्हणे."

"आणि लहान गिअर टाकला तर?"

"सरकार उतरल्यावर टाकून पाहिला. इंजिन गप्प!"

"मग सांगा की तसं!"

"काय सांगू? सरकारांचा हुकूम चुकला म्हणून?"

हौसानं पोरीचं नाक पुसलं. "राहू द्या. मीच बघते."

दुसऱ्या दिवशी ती वाड्याच्या पायऱ्यांपाशी हजर.

"सरकार, मोटरचं दुखणं सापडलं. पण दाखवायला आपल्यालाच या पायऱ्या चढाव्या लागतील. एका ढांगेत तीन! लहान पाऊल टाकायचं नाही, लोक बघतायत."

"त्यात काय मोठंसं!" म्हणत राजेसाहेब निघाले. पहिली ढांग झोकात गेली. दुसरीला धाप लागली. तिसरीला दोन्ही गुडघे वाजले, कट् कट्!

"आवाज गुडघ्यातून येतोय, सरकार," हौसा म्हणाली. "उघडून बघायला सांगू का कुणाला?"

"खबरदार!"

"मग काय करायचं?"

"काय म्हणजे? एकेक पायरी चढू दे मला!"

"मोटर तेच म्हणतेय, सरकार. कालपासून."

बाजूला उभे असलेले वाड्याचे दिवाणजी हसू दाबत आपले जोडे निरखू लागले. राजेसाहेब तिथेच पायरीवर बसले आणि पगडी कलेपर्यंत हसले!

त्याच सकाळी मोटर लहान गिअरमध्ये चढ चढली, अगदी मुकाट्यानं. कोंडीरामची नोकरी पक्की झाली, खोली हौसाच्या नावे झाली आणि पोरीसाठी दारात दुभती गाय आली.

"एक काम कर, हौसा," राजेसाहेब म्हणाले. "शेजारच्या संस्थानांतही हे कळव. पण ड्रायव्हरांच्या बायकांना सांग. ड्रायव्हर काही मालकांना सांगायचे नाहीत!"