हद्दीचा दगड

स्वच्छ पाणी माझं, सांडपाणी सरकारचं, अशी त्रिंबकशेटची अट होती आणि महाराजांना ती पसंत पडली होती. शहराचं पाणीखातं सरकारकडून काढून शेटजींना मक्त्याने द्यायचं ठरलं होतं.

गोदू गवंडीण या खात्याची मुख्य. तळ्यापासून घरोघर गेलेले खापरी नळ आणि गावाबाहेर जाणारी गटारं, दोन्ही तिच्या हाताखाली. तिने महाराजांना सांगून पाहिलं की पाणपट्टीवरच गटारांचं काम चालतं. नुसतं पाणी शेटजींना दिलं तर गटार उपसणारी दोनशे माणसं उपाशी राहतील आणि शहर नाक धरून बसेल. दोन्ही कामं तोडता येत नाहीत.

महाराज हट्टाला पेटले. "तोडता येत नाहीत? मग स्वच्छ पाणी कुठे संपतं आणि घाण कुठे सुरू होते, तिथे हद्दीचा दगड ठेव. उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं तर घरी बस."

गोदू दिवसभर घरोघर हिंडली. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला जाई, भाजी धुतलेलं अळूला. दगड ठेवावा अशी जागा सापडेना. संध्याकाळी घरी येऊन तिने हातपाय धुतले, चूळ भरली आणि एकदम थबकली. मग फुगल्या गालांनीच हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती दगड आणि तांब्या घेऊन दरबारात आली. शेटजी नुकतेच विडा खाऊन आले होते. तिने अदबीने त्यांना चूळ भरायला सांगितलं.

"शेटजी, तोंडातलं पाणी कोणाचं?"

बोलता येईना. शेटजींनी छातीवर हात ठेवला.

"तुमचं? मग गिळा."

शेटजींनी जोरजोरात मान हलवली.

"थुंकलंत की सरकारचं. महाराज, हद्द सापडली. शेटजींच्या ओठांवर दगड ठेवू का? शहरात अशी चाळीस हजार तोंडं आहेत, तेवढे दगड मात्र सरकारने द्यावेत."

महाराज पोट धरून हसले. शेटजींनाही हसू आवरेना आणि सगळी लाल चूळ त्यांच्याच रेशमी उपरण्यावर सांडली.

"आता हे कोणाचं?" महाराजांनी विचारलं.

शेटजी ओशाळले. "दोन्ही माझंच, महाराज."

महाराज पुन्हा खदखदून हसले. मक्ता दोन्हींचा झाला, दोनशे माणसांसकट. कारभार गोदूकडेच ठेवून महाराजांनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं तिच्या हातात घातलं.