दारफाळणीच्या दिवशीचा साप

"...आणि साप पायाला वेटोळं घालून बसला तर?" पिन्हासनं विचारलं.

हसाजीबाबा सिनेगॉगमधल्या दिव्यांच्या काचा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तर काय?"

"तर प्रार्थना तोडायची की नाही?"

"तूच सांग. मुंबईला शिकून आलायस."

"तोडायची नाही. पूर्वजांचा नियमच आहे. उभ्यानं करायच्या प्रार्थनेत माणूस खुद्द देवासमोर असतो. ज्याचा देवावर भरवसा आहे, तो सापापुढंही हलत नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरी काच हातात घेतली.

पिन्हासला हे 'बरं' झोंबलं.

खाडीच्या तोंडाशी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणी ज्यूंची, मोजकी घरं आणि हे त्यांचं प्रार्थनाघर होतं. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवणारी माणसं. घरात मराठी बोलायची, देवाशी हिब्रू. हसाजीबाबा त्यांचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. त्यांचे उच्चार अडखळत. मध्येच एखादं पोर रडलं तर ते थांबत आणि म्हणत, "अगं, घे त्याला आधी."

पिन्हास त्यांच्याच हाताखाली अक्षरं शिकला होता. मग मुंबईला राहून आला, आणि आल्यापासून बाबांच्या चुका वेचू लागला. पोर रडलं म्हणून देवाला ताटकळत ठेवणारा हझान त्याला सोसवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारफाळणीचा सण होता. दारं मिटून घेण्याचा दिवस. त्या दिवशी वर्षाचा निवाडा होतो, कोण जगणार आणि कोण नाही हे ठरतं. म्हणून सगळेजण पांढरे कपडे घालतात, अनवाणी येतात, अन्नपाणी घेत नाहीत आणि बोलायचं ते देवाशीच बोलतात.

दुपार कलली होती. उपासानं लोकांच्या माना लवल्या होत्या. बाबा मधल्या चौथऱ्यावर उभे होते. दार त्यांच्या पाठीमागे. पिन्हास सगळ्यांच्या पुढं, धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्यांच्या कपाटापाशी, पश्चिमेकडे तोंड करून.

उभ्यानं करायची मूक प्रार्थना सुरू झाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पिन्हासच्या डाव्या पायाला काहीतरी गार लागलं.

त्याला वाटलं, दिव्यातलं तेल सांडलं असावं.

मग ते हललं.

त्यानं डोळे खाली नेले. घोणस होती. मनगटाएवढी जाड, पाठीवर काळ्या कड्यांची साखळी. ती त्याच्या पावलावरून सरकत होती. अर्ध्यावर थांबली. उरलेलं अंग तिनं त्याच्या टाचेशी गोळा केलं, आणि शीळ घालू लागली. भरल्या हंड्यातून वाफ निसटावी तशी ती शीळ, न तुटणारी.

कोणीतरी पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. भिंतीकडे सरकणाऱ्या पावलांचा आवाज झाला, मग तोही थांबला. सज्जात बायकांनी पदर तोंडात कोंबले.

पिन्हास हलला नाही.

त्याच्या पाठीवरून घाम उतरत होता. पावलावरचं वजन कमी होत नव्हतं. शीळ चढत चालली होती...

त्याच वेळी मागून एक चिरका ओरडा ऐकू आला. आपल्या बाजूला दोन म्हातारी अनवाणी पावलं त्याला दिसली. अंगावरची पांढरी प्रार्थनेची शाल काढून बाबांनी सापावर टाकली होती. ते गुडघ्यांवर आले, शालीसकट तो गोळा त्यांनी कवटाळला आणि उठले. "आई गं, आई गं," म्हणत ते दाराकडे धावले. मिटलेलं दार त्यांनी खांद्यानं उघडलं. बाहेरच्या केवड्याच्या बनात त्यांनी तो गोळा भिरकावला, आणि पायरीवर बसून त्यांना कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या.

पिन्हास अजून तसाच उभा होता.

उपास सुटायच्या आतच गावानं ठरवून टाकलं.

हझाननं प्रार्थना तोडली. दारफाळणीला दार उघडलं. पवित्र शाल सापावर टाकली. देवासमोर बाईमाणसासारखा ओरडला. आणि हा पोरगा... खांबासारखा. याला म्हणतात भरवसा.

मुकादम सॅमसनजी, म्हणजे जमातीचे म्होरके, बाबांच्या घरी गेले.

"हसाजी, तुमचं वय झालं."

"झालं खरं."

"येत्या शब्बाथपासून तुमच्या जागी पिन्हास उभा राहील."

"राहू दे."

एवढंच बोलणं झालं.

पिन्हासच्या आईनं घरोघर खीर वाटली. बायका आपली लेकरं त्याच्यापुढं आणू लागल्या. डोक्यावर हात ठेव म्हणू लागल्या. तो ठेवी. पहिल्या दिवशी त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा हात जड झाला.

मग एक तरुण विधवा आली. लेआ तिचं नाव. तिची मुलगी तापानं फणफणली होती. तिनं पोरीला त्याच्या मांडीवरच ठेवलं.

"तुझं देव ऐकतो," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही."

पिन्हासनं त्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. त्याच्या तोंडून आशीर्वादाचा शब्द निघेना. डाव्या पावलावर त्याला पुन्हा तो गार स्पर्श झाला. त्यानं दचकून खाली पाहिलं. काही नव्हतं.

"तिला वैद्याकडं ने," तो कसाबसा म्हणाला.

"वैद्याचं औषध चालूच आहे. तू फक्त म्हण."

तो शब्द पुटपुटला. लेआ हात जोडून उठली. ती गेल्यावर पिन्हास विहिरीवर गेला आणि पाऊल धूत बसला. धुतलं तरी तो गारवा जाईना. देव हे सगळं पाहतो आहे, हा विचार आजवर त्याला आधाराचा वाटत आला होता. आता त्याच विचारानं त्यानं पुन्हा पोहरा विहिरीत सोडला.

पोरीचा ताप उतरला. लोक म्हणाले, पाहिलंत?

त्या दिवशी पिन्हास जेवला नाही.

शुक्रवारी सूर्य माडांच्या माथ्यावर असताना तो बाबांच्या अंगणात आला. सूर्य बुडताच शब्बाथ सुरू होणार, त्याला थोडाच अवकाश होता. बाबा ओट्यावर बसून दिव्यांसाठी कापसाच्या वाती वळत होते. ते काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नव्हतं.

"बस," बाबा म्हणाले.

पिन्हास उभाच राहिला.

"आज मी उभा राहणार नाही, बाबा."

"का रे?"

"मी त्या दिवशी प्रार्थना करत नव्हतो."

बाबांचे हात चालू होते.

"लोक म्हणतात, मी हललो नाही. मला हलायचं होतं, बाबा. पळायचं होतं. पाय माझे राहिलेच नव्हते."

"ओठ हलत होते म्हणतात तुझे."

"थरथरत होते."

"आणि शब्द?"

"एकही नाही. लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ ज्याचं नाव घेतो, तेही आठवलं नाही. देव म्हणून कोणी आहे, हेसुद्धा आठवलं नाही..."

बाबांनी एक वात वळून ताटलीत ठेवली.

"मग मनात काय होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

पिन्हासनं आपल्या डाव्या पावलाकडं पाहिलं.

"कुणीतरी यावं... एवढंच होतं."

"कोणी यावं?"

"कोणीही."

बाबांनी कापसाचा नवा पेळू घेतला. माडांच्या सावल्या ओट्यापर्यंत आल्या होत्या.

"आणि तुम्ही आलात," पिन्हास म्हणाला. "भरवसा तुमचा होता. माझा नव्हता. सगळं गाव उलटं बोलतंय, आणि मी ते ऐकून घेत राहिलो. लेआच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला मी. भीती वाटते, बाबा. सापाची नाही. वर जो आहे, त्याची."

"हं."

"मी मुकादमांकडं जाऊन खरं काय ते सांगतो. पण त्याआधी मला एवढं सांगा. मरणाला कवटाळायला माणूस पुढं होतो, तो भरवसा आतून कसा असतो? तुम्हाला त्या वेळी काय वाटलं?"

बाबांचे हात थांबले.

त्यांचा चेहरा त्या दिवशीसारखाच पांढरा पडला होता. पिन्हास नकळत त्यांच्या पायाशी बसला.

"साप मी तुझ्याआधी पाहिला होता," बाबा अगदी हळू म्हणाले. "चौथऱ्याखालून निघाला तेव्हाच. दार माझ्या पाठीशी होतं..."

वाऱ्यानं ताटलीतल्या वाती विस्कटल्या. दोघांपैकी कोणीही त्या सावरल्या नाहीत.

"मग, बाबा?"

"मी तर दाराकडं पळायला निघालो होतो, पिन्हास. पाय तुझ्याकडं कसे वळले, मला ठाऊक नाही."