बाभळीच्या नव्या हद्दी

फार मागे एका माळावर, एकाच बाभळीवर होले पक्षी दाटीने राहत आणि आजूबाजूच्या झाडांवर कावळे. प्रत्येक झाडाचे रहिवासी मतं देऊन आपल्या अंड्यांचा राखणदार निवडत.

एका वर्षी झाडांच्या हद्दी आखणाऱ्या घुबडरावाने त्या बदलल्या. बाभळीची एकेक फांदी शेजारच्या एकेका झाडाला जोडली. होले खूश झाले. "फांदीमागे अख्खं झाड मिळालं," म्हणत त्यांनी घुबडाचा सत्कारही केला.

मतं पडली. फांदीफांदीवर कावळाच राखणदार झाला. बाभळीवरची एक म्हातारी होली घुबडाकडे गेली.

"घुबडराव, आमच्यातलं कुणी मेलं नाही, कुणी जागचं हललं नाही. मग आम्ही कमी कसे पडलो?"

"तुम्ही होतात तेवढेच आहात, बाई. मी फक्त रेघा हलवल्या."

तोवर नवा राखणदार तिच्या घरट्याच्या काठावर येऊन बसला होता.